तीन जिने आणि एक दप्तर

कोर्टात वकीलबाईंना पाठीमागे 'हमालबाई' म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नाही. टायपिस्टकाकांच्या मात्र अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. एकोणीस वर्षं ते बाईंच्या ऑफिसात घटस्फोटाचे आणि मुलांच्या ताब्याचे कागद टाइप करताहेत. बाईंच्या अक्षराला ते रोज नावं ठेवतात, पण असा वकील दुसरा नाही हेही छातीठोकपणे सांगतात.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चांगली चालते. पण फायलींच्या कपाटात खालच्या खणात एक निळं दप्तर असतं, आणि ते बाहेर आलं की पक्षकारांना लिफ्ट बंद.

त्या दिवशी ते बाहेर येईल असं काकांना वाटलं नव्हतं. आठ महिने भांडून थकलेलं जोडपं अखेर एका टेबलाशी बसलं होतं. बाई आईच्या वकील. वडिलांचे वकील शेजारी घड्याळ बघत होते. आठ वर्षांच्या मुलीबद्दल तोडगाही निघाला होता: एक रात्र आईकडे, एक रात्र वडिलांकडे. कुणाला एकही रात्र जास्त नाही. समोरचा जिंकला नाही, एवढंच दोघांना समाधान. आता फक्त सह्या, की मुलीचं रोजचं जाणंयेणं ठरलं.

"काका, प्रिंट काढू नका," बाई म्हणाल्या आणि दोघांपुढे कोरे कागद सरकवले. "मुलगी दुसऱ्या घरी निघाली की सोबत काय काय जाईल ते लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

याद्या आल्या. बाईंनी दप्तर भरायला घेतलं. वह्यापुस्तकांच्या जागी कायद्याची जुनी पुस्तकं, गणवेशाच्या जागी स्वतःचा काळा कोट, बुटांच्या जागी काकांचे बूट. काका मुकाट्यानं मोज्यांवर बसले. दरवेळी त्यांचेच बूट का, हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"हे घेऊन खाली जायचं आणि जिन्यानं वर यायचं. एकेकानं."

"मॅडम, मी तुमची अशील आहे," आई म्हणाली. "मला कशाला?"

"म्हणूनच आधी तुम्ही."

आई गेली. दप्तर कुठून आलं ते काकांना पुरतं ठाऊक होतं. सतरा वर्षांपूर्वी बाईंनी असाच रात्रीआडचा करार केला होता आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता. सहा महिन्यांनी त्यातली मुलगी शाळा सुटल्यावर एकटीच ऑफिसात आली. दप्तर खुर्चीत टाकून म्हणाली, "आज मी कुठे जायचं ते तुमच्याकडे लिहिलेलं असतं ना?" बाईंनी तिला पाणी दिलं, तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन रडल्या. काकांनी ते ऐकलं होतं. करार बदलला. मुलीनं जुनं दप्तर नेलंच नाही.

आई वर आली ती खांदा चोळतच. मग वडील गेले. ते आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"आठवड्यातून सात वेळा," बाई म्हणाल्या. "आणि तिचा दम्याचा पंप? डॉक्टरांचा कागद फायलीत आहे. तुमच्या दोघांच्या यादीत पंप नाही."

आईनं वडिलांकडे पाहिलं. "एक तुझ्याकडे असतो ना?"

"मला वाटलं, तू तिच्या बॅगेत घालतेस."

"मग रविवारी ती तुझ्याकडे झोपली तेव्हा?"

वडिलांच्या वकिलांनी घड्याळ बघणं सोडलं.

बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "एक आठवडा इथे, एक तिथे. सोमवारी शाळेतून परस्पर. दोन्ही घरी कपडे, दोन्ही घरी पंप. मी हे पहिल्या महिन्यातच सुचवलं होतं."

वडिलांनी मान डोलावली. आईनं मात्र आठ महिने याला ठाम नकार दिला होता. मुलीशिवाय सलग सात रात्री तिला सोसवणार नव्हत्या. तिनं दप्तर पुन्हा एकदा उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. काकांनी बोटं कीबोर्डवर ठेवली आणि उगाच खोकले.

"सात रात्री मी काढीन," ती म्हणाली. "तिला नको हे. आणि एक पंप शाळेतही ठेवा, काका, तेही लिहा."

काकांनी लिहिलं. चष्मा दोनदा पुसावा लागला, पण लिहिलं. तोवर बाईंनी दप्तर रिकामं केलं, खाली वाकल्या आणि काकांचे बूट त्यांच्या पायांपाशी नीट जोडून ठेवले.