वळणावरचा आवाज

बाबांची पांढरी ॲम्बेसिडर खामगाव ते पिंपळगाव राजा भाड्याने चालायची. तिच्याच जिवावर मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. आमचं घर गावाबाहेर, शेतातच. संध्याकाळी गाडी शेताच्या वळणावर आली, की गिअर बदलताना घोगरा आवाज यायचा. तो ऐकून आई तवा चढवायची. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकर ताटात असे. त्यांनी दारात कधी हॉर्न वाजवला नाही.

बाबा गेले आणि गाडी शेडमध्ये उभ्या उभ्या जाम झाली. आई ती विकू देईना. इंजिनाचे भाग मिळेनात, तेव्हा ती विजेवर चालवायचं मी ठरवलं. बाबांची गाडी पुन्हा दारात आलेली आईला दिसावी, एवढंच मनात होतं.

कडुलिंबाच्या फांदीला वजन उचलायची चेनकुप्पी बांधून इंजिन उचललं. शेजारच्या शेतातले काका कुंपणावरून म्हणाले, "काऊन बे, आता मोबाईलवानी चार्जिंगले लावशीन काय गाडीले?"

मी हसलो. आई त्या रिकाम्या जागेत डोकावली. "इंजिनच काढलं तं तिच्यात राह्यलं काय रे?" त्यानंतर ती शेडकडे फिरकली नाही.

पुढचे सगळे रविवार मी एकटाच. लेथवर जोडणीची प्लेट करून घेतली, जुन्या गिअरबॉक्सला मोटर जोडली, डिकीत बॅटऱ्या बसवल्या. गाडीखाली पडल्या पडल्या पान्यासाठी हात बाहेर काढायचो. बाबाही तसाच काढायचे. तेव्हा पाना द्यायला मी असायचो.

आरटीओची मंजुरी बाकी होती, म्हणून रस्त्यावर न नेता शेडमधून आपल्याच शेतातून, वळणावरून गाडी घराकडे आणली. वेळ मुद्दाम बाबांची निवडली. गाडी दारात थांबली. घरात काहीच हालचाल नाही. स्टिअरिंग धरून मी बसून राहिलो. शेवटी हॉर्न दाबला.

आई बाहेर आली. तिने बॉनेटवर तळहात ठेवला. "थंडगार हाय," ती म्हणाली. बराच वेळ हात उचलला नाही. "कवा आला? आयकूच नाही आलं."

"आताच."

"वळणावरूनच वाजवत येजो. तवा तापाले टाइम लागते." आणि ती आत गेली.

मी गाडी वळणापर्यंत मागे नेली. तिथे एकदा हॉर्न वाजवला आणि सावकाश परत आलो. स्वयंपाकघरातून भाकर थापल्याचा आवाज येत होता. थोडा वेळ मी गाडीतच बसून तो ऐकला.