पहिल्या हाकेला ओ नाही

रत्नागिरीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळाला तो मेंदूच्या धर्तीवरच्या चिपचा. अशा चिपवर मज्जापेशींसारखे पुष्कळ छोटे कोर, म्हणजे इवलाले प्रोसेसर, असतात. त्यांच्यात तारांची दाटी होते, म्हणून त्यांनी चिमुकल्या अँटेनांवरून बिनतारी बोलायचं. कोणी कधी बोलायचं, कोणी कधी ऐकायचं, याचा नियम मी लिहायचा. चिप खरी नव्हती, कॉम्प्युटरवरची. पण प्रोजेक्टच्या सरांची सही झाली तरच पदवी, आणि आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं.

रिव्ह्यूच्या दिवशी माझी चिप ठप्प झाली. सगळे कोर तेच तेच दोनदा ओरडत होते, संदेश एकमेकांवर आदळत होते. सरांनी स्क्रीनवर बोट आपटलं.

"हा कोर पहिला संदेश घेतच नाही?"

"दुसऱ्यांदा आला की घेतो, सर. पहिला नुसता गोंगाट असू शकतो."

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

पुस्तकात नव्हतंच. आमच्या गावात तिन्हीसांजेला बागेतून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस पुन्हा मारतो. आई अजून म्हणते, "थांब गो, परत बोलवूदे." हे मी भाबडेपणाने सांगून टाकलं.

सर वर्गाकडे वळले. "ऐका रे! हिच्या चिपमध्ये भूत आहे. नारळ आणा कोणीतरी!"

वर्ग खदखदला.

"आठवड्यात सुधार. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. येताना आईला आण, तीच शिकवेल."

सरांनी मला शिकवलं, सुट्टीतही लॅब उघडून दिली. त्याची जाण मला आहे. पण त्यांनी आईला मध्ये ओढलं, हे मी माफ केलेलं नाही.

पहिलाच संदेश घ्यायला लावला, तर कोर प्रत्येक खरखरीला दचकू लागले. धुमसतच बसले होते, तेव्हा सुचलं: एकानेच दोनदा का ओरडावं? दोन वेगळ्या कोरांची हाक जवळजवळ एकदम आली, तर ती खरी मानायची. गर्दी निवळली. चिप चालली.

सरांनी बघितलं, सही केली, फाइल माझ्याकडे ढकलली.

"मी हेच सांगणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत, सर?"

मी फाइल उचलून बाहेर पडले. जिन्यापाशी पोचले तोच त्यांनी आतून माझं नाव घेऊन हाक मारली. स्वच्छ ऐकू आली. मी उतरत राहिले. दुसरी आली तेव्हा मी फाटकाशी होते, आणि तरीही मागे फिरले नाही.