वैनीच्या गुहेतला पाहुणा

अण्णा, माझा थोरला भाऊ, वास्कोच्या बंदरावर नोकरीला होता. सुट्टी मिळाली की लोंढ्याला गाडी बदलून खासबागेत घरी यायचा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा त्यानं एका परदेशी खलाशानं दिलेला खेळ आणला. एक जाड इंग्रजी पुस्तक आणि चार, आठ, वीस अशा बाजूंचे विचित्र फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार.

घरातले साड्या विणायचे माग बंद असलेल्या एका दुपारी आम्ही बसलो. सांगायला अर्थातच अण्णा.

"समोर राक्षस आलाय. उंची बारा फूट. शिंगं दोन."

मी फासा टाकायची, राक्षस मरायचा, की दुसरा हजर. थोड्या वेळानं मला जांभया यायला लागल्या.

अण्णाची बायको, आमची वैनी, निपाणीची. लग्नाआधी तिनं तिथल्या वाचनालयातल्या गूढकथा आणि जुन्या इंग्रजी भयकथांचे संग्रह वाचून संपवले होते. समुद्रात बुडालेली शहरं, माणसांच्या आधीपासूनचे देव, हे तिच्या रोजच्या ओळखीचं. ती ते पुस्तक चाळता चाळता हसायला लागली.

"अवो, ही समदी माझ्या ओळखीची हाईत की! त्या जुन्या गोष्टींतनंच उचलल्यात. पण तिथं ती अशी येत न्हाईत."

"मग कशी येत्यात?" अण्णा म्हणाला.

"दिसतच न्हाईत. शिंगं मोजाय लागलं की भ्या कसलं वाटतंय?"

"मग तूच सांग."

वैनीनं आप्पांकडून, म्हणजे आमच्या वडिलांकडून, साडीच्या काठाची नक्षी काढायचा चौकटीचा कागद मागून घेतला आणि त्यावर गुहेचा नकाशा काढला. मग आवाज खाली आणून बोलू लागली.

"पायाखालची वाळू ओली हाय. समुद्र तर लई लांब. पलीकडं कुणीतरी श्वास घेतंय. तुमी थांबला, की तेबी थांबतंय."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. फासा हातात घट्ट धरून मी बसून राहिले.

पलीकडं बाजेवर पडून ऐकणारे आप्पा उठून बसले. "त्याला इचार की गं, जेवलंय काय."

अण्णा आणि मी खो खो हसलो. वैनी मात्र हसली नाही. तिनं वाचलेल्या गोष्टींत माणसं पळून जायची, नाहीतर वेडी व्हायची. असं कुणी विचारलंच नव्हतं. अण्णानं पुस्तक उलटंपालटं केलं. त्यातही असा नियम नव्हता.

"आप्पा, टाका तुमी फासा," वैनी म्हणाली.

दान बरं पडलं. तिनं डोळे मिटले आणि अगदी हळू, अनोळखी आवाजात म्हणाली, "न्हाय."

आम्ही गोष्टीतल्या आमच्या शिदोरीतली भाकरी अंधाराच्या कडेला ठेवली आणि मागं सरलो. पुढं दोन वर्षं ते आमच्याबरोबर चालत होतं. ते कसं दिसतं, हे वैनीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. अण्णा वास्कोला असला, तरी आप्पा चहा पिता पिता विचारायचे, "आज कुठवर आलंय ते?" आणि आम्ही तिघंच खेळायला बसायचो.

नंतर अण्णाला मंगळूरला नोकरी लागली आणि वैनी तिकडं राहायला गेली. तिथं तिनं शेजारणींना जमवून खेळ कन्नडमध्ये सुरू केला. पहिल्याच दिवशी एक जण भिऊन घरी निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली.