तिसरी हाक

‘थांब. पुढं वाचू नकोस,’ आई म्हणाली.

काल संध्याकाळी मी तिला शेजारणीवरची माझी नवी कविता वाचून दाखवत होतो. शेजारीण म्हणजे सुशीलामावशी. मंगळवार पेठेत आमच्या दोन घरांमध्ये एकच बुटकी भिंत आहे. नळाच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून आई त्यांच्याशी बोलत नाही.

‘सुशी विखारी? तापट हाय ती, विखारी न्हाय. तुला पहिली आंघोळ तिनं घातलीया.’

‘अगं, “शेजारी”ला यमक जुळत होतं.’

‘मग यमक काढ की. आणि एकदाच हाक मारलीस व्हय तिला? तीनदा मारल्याबिगर ती ओ देत न्हाय.’

आधी कवितेत तीन हाका होत्या. वृत्तात बसेनात, म्हणून मी दोन काढल्या होत्या. आता तो शब्द खोडला आणि हाका परत घातल्या. यमक गेलं, वृत्तही मोडलं.

आपल्या या कवितेच्या ग्रुपवर वृत्तात लिहिणारे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो. तुम्ही काय राखलं असतंत?

आज सकाळी आईनं भिंतीपाशी जाऊन हाक मारली. मग दुसरी. तिसरीला पलीकडून आवाज आला, ‘पहिलीच ऐकली की.’