रेनकोटावर घातलेलं नाव

वडील गेले त्या वर्षी आषाढात माझा धाकटा भाऊ कळंब्याला माझ्या घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "आक्का, गुरुवारी हातकणंगल्याला जायचं हाय. वडलांच्या जमिनीला तुझं नाव लावायचं हाय."

मी भाकरी थापत होते. हात तसाच राहिला. घरपट्टी, लाइटबिल, सगळं नवऱ्याच्या नावानं यायचं. सातबाऱ्यावर माझं नाव येईल असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

पाऊस लागून राहिला होता आणि जायचं त्याच्या स्कूटरवरून. मी म्हटलं, "मी खताच्या पिशवीची खोळ घेते डोक्यावर." तो हसला. "खोळ घालून हाफिसात जातीस व्हय? चल, रेनकोट घेऊया. तुझ्या पसंतीचा."

लुगड्यापासून चपलेपर्यंत मला सगळं दुसऱ्यानं आणून दिलेलं. पसंतीचा म्हटल्यावर मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानात बसले ती उठेचना.

पहिला रेनकोट पातळ प्लास्टिकचा होता. मी त्याची घडी नखानं दाबली, ती पांढरी पडली. खताच्या पिशव्या वापरून मला माहीत होतं, जिथं पांढरं पडतं तिथंच दुसऱ्या पावसाळ्यात चिरतं. दुसरा पँट-शर्टाचा, तो साडीवर कसा चढणार? तिसरा जाड होता, आतून कापड, पायापर्यंत लांब. तो मी उलटा करून शिवण बघितली. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली होती. स्कूटरवर एका बाजूला बसलं की पुढचा पडदा उघडतो, म्हणून स्टुलावर तशी बसून बघितलं. बटणं खालपर्यंत होती.

तरी माझं समाधान होईना. मी भावाच्या कानात सांगितलं आणि त्यानं मोठ्यानं दुकानदाराला सांगितलं, "बाहीत पाणी वतून बघू का, म्हणतीया."

"वैनी, रेनकोट घ्यायला आलाय का कळशी?" दुकानदार म्हणाला. सगळं दुकान हसलं. मी मान खाली घातली. पण त्यानं तांब्या आणला, बाहीचं टोक पिळून धरलं आणि पाणी ओतलं. मी खाली तळवा धरून बसले. तळवा कोरडा राहिला.

दाराशी छत्र्यांवर नावं घालणारा पेंटर बसला होता. भावानं रेनकोट त्याच्यापुढं टाकला. पेंटरनं विचारलं, "आडनाव कुठलं घालू? म्हायेरचं का सासरचं?" मी भावाकडं बघितलं. तो म्हणाला, "सासरचं घाल की. आता तिकडचीच हाय ती." कॉलरच्या आत पांढऱ्या रंगात माझं पूर्ण नाव आलं.

गुरुवारी सांगली रोडला पावसानं झोडपून काढलं. हातकणंगल्यात उतरून रेनकोट काढला तर साडीच्या निऱ्यासुद्धा कोरड्या. मला लहान पोरीसारखा आनंद झाला होता.

कचेरीत गर्दी होती. कारकुनानं विचारलं, "वाचता येतं का?" मी म्हटलं, "येतं." मला येतं, पण वेळ लागतो. चौथीनंतर मला घरी ठेवलं ते ह्याच भावाला सांभाळायला, तेव्हापासून वाचायची सवय सुटली. मी कागदावर बोट ठेवून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत वडिलांचं नाव, तिसऱ्यात माझं. तिथंच बोट थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, आवरा की! आमाला बी गाड्या धरायच्यात." भाऊ म्हणाला, "आक्का, मी वाचलंय सगळं." एवढी माणसं आपल्यासाठी खोळंबलीत याची मला लाज वाटली. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीनं करताय न्हवं?" भावानं माझ्याकडं बघून मान डोलावली. मी म्हटलं, "व्हय." आणि सही केली. येताना त्यानं मला भजी खायला घातली.

पुढच्या वर्षी पंचमीला माहेरी गेले. दुपारी एकटीच चावडीत गेले, अंगात तोच रेनकोट. तलाठ्याला म्हटलं, सातबाऱ्यावर माझं नाव आलंय, तेवढं बघायचंय. त्यानं वही उलटून बघितली.

"ह्यात तुमचं नाव कुठनं असणार? तुमी हक्कसोड केलंय की. तुमचा हिस्सा भावाला सोडलाय. हातकणंगल्याला, राजीखुशीनं, लिवलंय असं."

घरी आले तेव्हा भाऊ सोप्यात बसला होता. मला एवढंच बोलता आलं, "मला सांगायचं हुतंस." तो जमिनीकडं बघत राहिला. भावजय आतून आली.

"आक्का, असं काय करताय? समद्या लेकी सोडत्यात. साडीचोळीवर सोडत्यात. तुमाला तर साडीपेक्षा भारी रेनकोट घेतला, आन् त्यो बी तुमच्या पसंतीनं!"

मला भांडता येत नाही. रेनकोट अंगातून काढून खुंटीला अडकवला आणि एस.टी.पर्यंत भिजत गेले.

त्यानं मागितलं असतं तर मी हिस्सा दिला असता का? अजून मला ते ठरवता आलेलं नाही. पण ठरवायचं मला होतं. रेनकोटाची शिवण मी उलटी करून बघितली, बाहीत पाणी ओतायला लावलं, आणि कागद तीन ओळींत मिटू दिला. कारण कागद भावानं आणला होता.

आठवड्यानं तो कळंब्याला आला. भर पावसात. स्कूटरच्या पुढं पिशवीत रेनकोट नीट घडी घालून ठेवलेला, आणि हा स्वतः नखशिखांत भिजलेला. त्याला लहानपणापासून पडशाचा त्रास. मी टॉवेल दिला, आल्याचा चहा ठेवला. हे मी का केलं ते विचारू नये.

तो म्हणाला, "आक्का, रेनकोट इसरलीस की."

"राहू दे तिकडंच. तुझ्या बायकूला घाल."

"ती कशी घालंल?" तो डोकं पुसत म्हणाला. "तुझं नाव हाय की त्यावर."

मी त्याच्याकडं बघितलं. आपण काय बोललो ते त्याला कळलंच नव्हतं. तो चहाकडं बघत होता. मी रेनकोट घेतला आणि दाराआड टांगला.