ज्याचं हॉटेल त्याची मर्जी

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी विडी ओठांना लावली नाही, आणि तरीही त्यांच्या अंगाला विडीचाच वास यायचा. सदऱ्याच्या शिवणीत, उशीच्या अभ्र्यात, पेटीत घडी करून ठेवलेल्या ठेवणीतल्या धोतरातसुद्धा तो मुरलेला असे. जळक्या पानाचा, किंचित गोडसर, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा वास. लहानपणी मला तो वडिलांचाच वाटायचा. दुसऱ्या कुणाच्या अंगाला तो आला, की आपल्या घरातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी तसं व्हायचं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि आमचं ऐकून गावही त्यांना दादाच म्हणायचं. टेंभुर्णीच्या रस्त्यावरच्या आमच्या गावात, एसटीच्या थांब्यासमोर त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, चार बाकडी, तोंडाशी भट्टी आणि कोपऱ्यात दादांचा गल्ला. सकाळी चहाची वाफ आणि विड्यांचा धूर एकमेकांत मिसळून छपराखाली निळसर थर धरत. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा कवडसा त्यात शिरला, की तो थर हलके हलके वळताना दिसायचा. कविता वाचायला लागले होते त्या वयात मी तासन्‌तास त्याच्याकडे बघत बसायचे. मला तो सुंदर वाटायचा, हे आज लिहिताना हात थबकतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी त्याच गावच्या शाळेत मराठी शिकवत होते. सासर टेंभुर्णीचं, नोकरी माहेरच्या गावात. रोजचं जाणं-येणं एसटीनं. एका हिवाळ्यात दादांना भट्टीपासून गल्ल्यापर्यंत येतानाही धाप लागायला लागली. मी हट्टानं त्यांना जालन्याला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सहज विचारलं, "काय बाबा, दिवसाला किती बंडलं?"

"एक बी विडी न्हाई, साहेब. कधीच न्हाई."

"इथं येणारा प्रत्येक जण हेच सांगतो," डॉक्टर माझ्याकडे बघून हसले.

मी हॉटेलाचं सांगितलं. चाळीस वर्षं, दिवसाचे चौदा तास, त्या धुरात. डॉक्टरांचं हसू विरलं. ते म्हणाले, "मग एक तर धंदा सोडा, नाही तर तिथला धूर बंद करा. गेलेलं परत आणता येणार नाही. पण यापुढे जेवढा धूर आत जाईल, तेवढा श्वास कमी होणार, एवढं लक्षात ठेवा."

परतीच्या एसटीत दादांनी फोटोचं पाकीट पिशवीच्या तळाशी, भाजीच्या जुड्यांखाली घातलं.

"हे कोणाला सांगायचं न्हाई, माय. माझी शपथ हाय तुला."

"कामून पण?"

"गावातली भांडणं कुठं मिटतात? माझ्या बाकड्यावर. गल्ल्यावरचा माणूस आजारी हाय म्हणलं, की लोक तंटा मिटवायला येत न्हाईत, कीव करायला येतात."

मी मानेनंच हो म्हटलं. बाहेर तुरीची शेतं मागे पळत होती आणि दादा प्रत्येक गचक्याला छातीवर हात ठेवत होते.

त्यानंतर दोन महिन्यांनी गावानं स्वच्छतेच्या कसल्याशा स्पर्धेत भाग घेतला. तपासणीला साहेब लोक येणार म्हणून नव्या उमेदीच्या सरपंचांनी ग्रामसभेपुढे ठराव आणला: गावातली दोन्ही हॉटेलं, सलून आणि पिठाची गिरणी, या सगळ्या ठिकाणी विडी-सिगारेट बंद. ज्याच्या दुकानात ओढताना कुणी सापडेल, त्याचं दुकान एक दिवस बंद. ही बातमी कानावर आली तेव्हा मी वर्गात होते. हातातला खडू तसाच राहिला. मला जे दादांना सांगता येत नव्हतं, ते सगळं गावच त्यांना सांगणार होतं.

सभा शाळेच्या पटांगणात भरली. चटयांची धूळ उडत होती, आणि सरपंचांचं वाचून संपायच्या आत दादा उभे राहिले.

"सरपंच, दूध माझ्या म्हशीचं, साखर माझी, भट्टी माझी, अन् धूर तेवढा ग्रामपंचायतीचा का?"

सभा खदखदून हसली. सरपंच लालेलाल झाले. "दादा, तो धूर शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो. त्याचं काय?"

"त्याला समोरचं हॉटेल हाय की. मी काय कोणाला दोरीनं बांधून बसवून राह्यलो का? ज्याचं हॉटेल त्याची मर्जी, अन् गिऱ्हाइकाला गिऱ्हाइकाची मर्जी."

"बिलकुल बराबर!" सलूनवाला मागून ओरडला. "उद्या म्हणाल, कोणाच्या मिशा किती ठेवायच्या ते बी सभेत ठरवा!"

"तुझ्या हातच्या मिशा पाह्यल्यात आम्ही," कुणीतरी म्हणालं. "सभेनंच ठरवलेलं बरं."

बायकांच्या बाजूनं गिरणीवालीची सासू डोक्यावरचा पदर सावरत उठली. "समद्यांची मर्जी निघाली. दळणाला येणाऱ्या बायांच्या तोंडावर धूर सोडता, आमची मर्जी कोणी इचारली?"

"मामी, तुम्ही दळण ठेवून घरी जात जा ना जल्दी," एक जण म्हणाला. पुन्हा हशा. मामी बसल्या.

मग मी उठले. दादा अजून उभेच होते. बोलल्यामुळे लागलेली धाप ते खांद्यावरच्या टॉवेलात तोंड लपवून गिळत होते, आणि ते फक्त मला दिसत होतं.

मी म्हणाले, "या गावच्या हॉटेलात रोज बसणाऱ्या एका माणसाच्या छातीचा फोटो मी डोळ्यांनी पाहिला आहे. धूर थांबला नाही तर त्याचा श्वास थांबेल, असं डॉक्टर सांगतात. मर्जीच्या गोष्टी करताना त्या माणसाचाही विचार करा."

मागून कुणीतरी ओरडलं, "कोण वं? नाव सांगा, बाई!"

दादा माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही. नाव जिभेवर आलं होतं आणि शपथेनं ते तिथंच धरून ठेवलं. तेवढ्यात चटईच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या आबांना खोकल्याची उबळ आली. आबा धनगरवाड्यातले. मेंढरं मुलांच्या हवाली करून दिवसभर दादांच्या बाकड्यावर बसणारे, आणि गावात सगळ्यांत जास्त विड्या ओढणारे. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"आबा, तुमचा फोटो की काय?"

आबांचा चेहरा उतरला. मी 'नाही' म्हणू शकले असते. पण त्यापुढचा प्रश्न 'मग कुणाचा?' हाच होता. मी बसले.

वाद संध्याकाळपर्यंत चालला आणि शेवटी सरपंच नमले. ज्यानं त्यानं आपल्या दुकानापुरतं काय ते ठरवावं, असं वहीत लिहिलं गेलं. मग गावच्या रिवाजाप्रमाणे तंटा मिटल्याची खूण करायला सगळे दादांच्या हॉटेलात गेले. खूण अशी, की एकानं विडी पेटवायची आणि दुसऱ्यानं काडी न ओढता आपली विडी त्याच्या विडीवर पेटवून घ्यायची. विडीला विडी लागली, की त्या विषयावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही. सलूनवाल्यानं आपली पेटवली. विडीबंदीचा ठराव आणणारे सरपंच पुढे वाकले, गाल आत ओढले, आणि त्यांच्या विडीचं टोक लाल झालं. मध्यस्थ म्हणून दोघांच्या मधे दादा बसले होते. दोन्ही धूर त्यांच्या तोंडावरून वर गेले. त्या जागी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मी एसटीची वाट बघत दाराशी उभी होते. दादांनी टॉवेलात खोकून घेतलं आणि ओल्या डोळ्यांनी, पण खरोखरच्या समाधानानं माझ्याकडे पाहिलं.

"पाह्यलं का, माय? मिटलं."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आबा शाळेच्या फाटकाशी आले. त्यांच्या घोंगडीला मेंढरांचा आणि पावसाळ्यापासून न वाळलेल्या लोकरीचा वास येत होता.

"खरं सांग, माय. त्यो फोटो माझा व्हता का?"

"तुम्ही कधी फोटो काढला होता का, आबा?"

"काढल्ता ना. मागल्या साली टेंभुर्णीच्या शिबिरात. मंग कोणी काही बोललंच न्हाई."

"तुमचा नव्हता, आबा."

"मंग कोणाचा व्हता?"

मी फाटकाच्या गंजलेल्या सळईवर बोट फिरवत राहिले. माझ्या गप्प बसण्याचा त्यांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला. मान डोलावली, कनवटीचं विड्यांचं बंडल काढून नालीत टाकलं आणि गेले. त्या दिवसापासून आबा हॉटेलाच्या बाहेर, बाभळीखाली दगडावर बसून चहा पिऊ लागले. उन्हाळ्यापर्यंत त्यांचा खोकला पुष्कळ कमी झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत, "ह्या मास्तरीण बाईंनी वाचवलं मला." मी वाट बदलून जायचे.

दादांची तब्येत मात्र उतरतच गेली. आधी ते वाक्याच्या मधे थांबू लागले. मग किटली उचलायला दोन श्वास लागायला लागले. मग रात्री आडवं होणं बंद झालं. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपू लागले. मी सांगायचे, सोडा आता. ते म्हणायचे, हो, पोळ्यानंतर. पोळा झाला, दिवाळी झाली.

एका दुपारी हॉटेल रिकामं होतं. मी त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "दादा, आता तर सभेनं लिहून दिलंय. ज्याचं हॉटेल त्याची मर्जी. मग लावा ना पाटी. तुम्हीच लावा."

त्यांनी टॉवेलानं शेजारचं बाकडं पुसायला घेतलं. मला वाटलं, श्वास जमवताहेत.

"म्या एकट्यानं लावली, तर समदे उठून समोरच्या हॉटेलात जातील. समद्यांची बंद झाली असती, तर माझी बी झाली असती."

"मग सभेत सगळ्यांत आधी तुम्हीच कामून उठलात?"

"सरपंच हुकूम केल्यावानी बोलला. चाळीस साल हॉटेल चालवलं, मला सांगतो दुकान बंद करीन." ते थांबले. पुन्हा श्वास घेतला. "मला वाटलं, बोलायचं ते बोलू, ठराव तर व्हणारच हाय. मी हरंन अन् गप बसंन. मंग तू उठलीस. मला वाटलं, आता ही माझं नाव घेती."

"तुम्ही शपथ घातली होती, दादा."

"घातल्ती," ते म्हणाले. "बराबर हाय. तुझं काही चुकलं न्हाई."

मला वाटतं, ते माझ्यावर रागावले असते तर मी रडू तरी शकले असते. मी घाईघाईनं म्हणाले, सरपंचांकडे जाते, ठराव पुन्हा आणायला लावते, या वेळी सगळं सांगते. दादांनी नुसता हात हलवला.

"विडीला विडी लागली, माय. माझ्याच बाकड्यावर लागली. आता म्याच कसं उलटं बोलू?"

रस्त्यावर एसटी थांबली, धूळ आत आली आणि तिच्यामागून पाच-सहा माणसं. दादांनी पाठ सरळ केली, टॉवेलानं तोंड पुसलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "या, बसा," ते म्हणाले. दोन शब्दांच्या मधे त्यांना श्वास घ्यावा लागला, पण आलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. एकानं बाकड्यावर बसता बसता कानावरची विडी काढली, काडी ओढली. धूर नेहमीच्या वळणानं गल्ल्याकडे निघाला.

मी उठून गल्ल्यामागची खिडकी उघडायला गेले. ती उघडीच होती.