बटाट्याचे ठसे

बटाटा चिरताना त्याचा ओला, मातकट वास आला की मला बारामतीच्या दवाखान्यातली आक्का आठवते. लासुर्ण्याला दिलेली ही माझी थोरली बहीण दर दिवाळीआधी माहेरी यायची. अर्ध्या बटाट्यावर पणती कोरून आम्ही दोघी भेटकार्डांवर लाल ठसे उमटवायचो आणि खाली दोघींची नावं घालून ती नातेवाइकांना धाडायचो. मी कॉलेजात होते त्या वर्षी तिचं दुखणं हाताबाहेर गेलं, म्हणून मीच बटाटे, चाकू आणि रंग घेऊन वॉर्डात गेले. तिच्या सुजलेल्या बोटांना चाकू धरवेना. मी कोरलेली वाकडी पणती तिनं कार्डावर दाबली, पण ठसा फिकाच उठला. "पुन्हा दाब की गं," मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "आन् यंदा माझं नाव घालू नगं. पुढच्या दिवाळीला लोकं उगं वाट बघत्याल." खाटेशेजारी बसलेली आई चादरीवर पडलेले बटाट्याचे तुकडे वेचू लागली. वसुबारसेच्या आदल्या दिवशी आक्का गेली. ती कार्डं आम्ही कुणालाच धाडली नाहीत. आज मी तिच्याहून वयानं कितीतरी मोठी झाले आहे, पण तेव्हा तिला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.